लॅब रिपोर्टचं मॉडेल : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

काम: एका रुग्णालयाच्या लॅबचे निकाल इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदीत नीट बसवणं. लॅब स्वतःची आहे, काही नमुने बाहेरच्या लॅबला जातात. देवाणघेवाणीसाठी फायर (आरोग्य माहिती पाठवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक), आवृत्ती ४.०.१. तपासण्यांना लॉइंक कोड (प्रत्येक तपासणीचा जगभर तोच क्रमांक), युनिटला यूकम (युनिट लिहिण्याची प्रमाण पद्धत). केंद्र सरकारच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद) मानकांतही लॅबसाठी लॉइंकच सांगितलं आहे आणि पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय संसाधन केंद्राची फायर प्रोफाइलं आयती मिळतात, त्यामुळे यावर फार वेळ घालवला नाही. वेळ गेला तो पुढच्या गोष्टींवर.

२ जून

जुना तक्ता उघडला. रकाने चार: पेशंट नंबर, तपासणी, निकाल, तारीख. युनिट निकालाच्याच रकान्यात, तेही कधी आहे, कधी नाही.

एक छापील रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहिला. कागदावरची ओळ: 'बीएसएल पीपी, २१४ मिग्रॅ/डेलि, ८०–१४०'. तक्त्यात उतरलंय 'बीएसएल, २१४' आणि तारीख. बीएसएल म्हणजे रक्तातली साखर, पीपी म्हणजे जेवणानंतरची; 'पीपी' कुठेच नाही. आता हा २१४ उपाशीपोटीचा धरला तर १२६ ची रेषा कधीच ओलांडलेली, मधुमेहाचं निदान समोर उभं. जेवणानंतरचा धरला आणि पेशंट आधीच गोळ्या घेत असेल, तर प्रश्न फक्त डोस वाढवायचा का एवढाच. आकडा तोच, आणि तक्ता वाचून दोन्हींत फरक करता येत नाही.

ठरलेला नियम, पुढच्या प्रत्येक नोंदीला लागू: लॅबने जे छापलं ते अक्षरन् अक्षर एका जागी. आपण लावलेला कोड, केलेलं रूपांतर, काढलेला अर्थ शेजारच्या जागी. शेजारच्यावरून मूळ कधीही पुसायचं नाही.

४ जून

सांगाडा ठरला. डॉक्टरांनी लिहिलेली मागणी, घेतलेला नमुना, निघालेला रिपोर्ट आणि रिपोर्टातला एकेक निकाल. फायरच्या भाषेत सर्व्हिस रिक्वेस्ट, स्पेसिमेन, डायग्नॉस्टिक रिपोर्ट, ऑब्झर्वेशन. एका मागणीतून दोन नमुने निघू शकतात (उपाशीपोटी आणि पीपी), एका नमुन्यातून दोन रिपोर्ट, आणि मागणी नसतानाही निकाल येऊ शकतो, कारण लॅबने स्वतःहून जोड तपासणी लावलेली असते. म्हणून चौघांना वेगळी ओळख, वेगळे क्रमांक. मागणीचा क्रमांक निकालात सक्तीचा ठेवलेला नाही.

वाद सीबीसीवर (रक्तपेशींची एकत्रित तपासणी) झाला. वीसेक आकडे एकाच ऑब्झर्वेशनमध्ये कंपोनंट (आतले उपभाग) म्हणून कोंबायचे की प्रत्येकाचं स्वतंत्र ऑब्झर्वेशन करायचं? कोंबले तर नोंदी कमी होतात, हे खरं. पण कंपोनंटला स्वतःची स्थिती नसते. उद्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) पाहून फक्त प्लेटलेट बदलल्या, तर 'एवढीच ओळ दुरुस्त' असं म्हणायला जागा राहत नाही, अख्खी सीबीसी दुरुस्त झाल्याचं दिसतं. कंपोनंट रक्तदाबासारख्या जोडीला ठीक, वरचा आणि खालचा एकमेकांशिवाय फिरत नाहीत. सीबीसीला नाही. स्वतंत्र ऑब्झर्वेशन, आणि त्यांची मोळी रिपोर्टात.

ओपनईएचआर या दुसऱ्या मानकातला लॅब निकालाचा आर्किटाइपही (ठरीव साचा) वाचला. तिथे रचना वेगळी आहे: एक तपासणी म्हणजे एक नोंद, आत प्रत्येक घटकाचा गट, आणि गटाला स्वतःची स्थिती. त्यातून एक गोष्ट उचलली: घटकांचा क्रम. डॉक्टरांना हिमोग्लोबिन पहिल्या ओळीत बघायची सवय आहे. नावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेली सीबीसी कुणी वाचत नाही. फायरमध्ये ऑब्झर्वेशनला क्रमाचा रकाना नाही, म्हणून रिपोर्टातल्या यादीचा क्रम हाच छापील क्रम. साठवताना यादी उलटसुलट होणार नाही याची चाचणी लिहिली.

९ जून

कोड लावायला बसलो. लॉइंकचा कोड सहा गोष्टी मिळून ठरतो: काय मोजलं, कोणता गुणधर्म (वस्तुमान, मोल, संख्या, टक्का), कोणत्या वेळेचा किंवा कालावधीचा, कशात (रक्त, सीरम, लघवी), कोणत्या प्रकारचं उत्तर, आणि गरज असेल तर कोणती पद्धत. लॅबच्या यादीत मात्र एकच शब्द: 'शुगर'.

उपाशीपोटी १५५८-६. जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४. वेळ न सांगितलेली सीरम किंवा प्लाझ्मा शुगर २३४५-७. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलेली ४१६५३-७. चौघींना एकच कोड देऊन आलेख काढला, तर पेशंटची शुगर रोज झोके घेते. वॉर्डातली ग्लुकोमीटरची नोंद लॅबच्या रेषेत मिसळायची नाही, ठिपक्याचा आकार वेगळा.

डिफरन्शियल काउंटचीही (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची मोजणी) तीच गत. न्यूट्रोफिल टक्क्यांत ७७०-८, प्रत्यक्ष संख्येत ७५१-८, दोन्ही मशीनवरचे. लॅबच्या यादीत दोन्हींचं नाव 'न्यूट्रो'.

कोड हाताने भरताना चुका होणारच. लॉइंकचा शेवटचा आकडा तपासणी-अंक असतो, त्याचा उपयोग केला. हिमोग्लोबिन ७१८-७ घ्या. उजवीकडून एकाआड एक आकडे दुप्पट: ८ चे १६, म्हणजे १+६=७. मधला १ तसाच. ७ चे १४, म्हणजे ५. बेरीज १३. पुढच्या दशकाला ७ कमी, म्हणून ७. बरोबर. चार ओळींचा प्रोग्राम, पण एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर तिथेच पकडतो (शून्य आणि नऊची अदलाबदल तेवढी सुटते). जे पकडत नाही ते जास्त धोक्याचं: पीपीला २३४५-७ लावला तर अंक बरोबर, अर्थ चूक. त्यासाठी यादी पॅथॉलॉजिस्टकडून सहीनिशी तपासून घेणं हाच उपाय. सॉफ्टवेअरवाल्यांनी नावं पाहून कोड लावू नयेत. आम्हीही पहिल्या दिवशी तेच करत होतो.

१३ जून

युनिटं. इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार याचा अंदाज होता, त्याहून जास्त गेला.

प्लेटलेट. मशीन पाठवतं १५२, म्हणजे हजार प्रति मायक्रोलिटर. आमची लॅब छापते १.५२ लाख प्रति क्युमिमी. बाहेरची लॅब छापते १,५२,०००. तिन्ही एकच. एक घन मिलिमीटर म्हणजे तंतोतंत एक मायक्रोलिटर, तेव्हा तिथे गणित नाही. गोंधळ फक्त लाखाचा. यूकमला लाख माहीत नाही, त्याचा स्वभाव हजारांचा आणि दशलक्षांचा. चाचणीत १.५२ हा आकडा हजाराचं युनिट चिकटून आत गेला, म्हणजे पेशंटच्या प्लेटलेट १,५२०. तातडीच्या सूचनेची मर्यादा २०,००० ला ठेवली होती, सूचना धडाधड वाजली. डेंग्यूच्या दिवसांत हे झालं असतं तर वॉर्डात पळापळ. उलट दिशेची चूक त्याहून वाईट, तिथे काहीच वाजत नाही.

आता प्रत्येक तपासणीला साठवणीचं एकच युनिट. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींना १०*३/यूएल, म्हणजे हजार प्रति मायक्रोलिटर. यूकममध्ये १० नंतर तारा (*) किंवा टोपी (^) दोन्ही चालतात. आम्ही तारा घेतला आणि टोपी आली की बदलून घेतो, नाहीतर तुलना करताना एकच युनिट दोन वाटतात. पडद्यावर डॉक्टरांना लाखातच दाखवायचं. तिथे मानक दाखवून कुणाचं भलं होत नाही.

इतर:

ग्रॅम टक्के म्हणजे ग्रॅम प्रति डेलि (डेसिलिटर). आकडा बदलत नाही, फक्त युनिटचं लेखन.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी): मायक्रो-आययू प्रति मिलि आणि मिलि-आययू प्रति लिटर, आकडा तोच. इथे कुणीतरी हजाराने भागण्याचा उत्साह दाखवला होता, काढून टाकला.

मिलिग्रॅमचे मोल: आखाती देशांतून आलेले पेशंट शुगर ७.८ (मिलिमोल प्रति लिटर) आणि क्रिएटिनिन ९७ (मायक्रोमोल प्रति लिटर) असे रिपोर्ट आणतात. यूकमची लायब्ररी मिग्रॅचं ग्रॅम करून देते, मिग्रॅचं मिलिमोल नाही, कारण त्याला रेणूभार लागतो आणि तो पदार्थागणिक वेगळा. तक्ता हाताने केला: ग्लुकोज १८.०२, क्रिएटिनिन ८८.४, कोलेस्टेरॉल ३८.६७. ग्लुकोजचा गुणक कोलेस्टेरॉलला लागू नये म्हणून तक्ता कोडला बांधलेला आहे, युनिटला नाही.

युरिया: आमची लॅब ब्लड युरिया देते, बाहेरची एक लॅब बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. दोन्ही मिग्रॅ/डेलि! युनिट सारखं असल्यामुळे कुठलीही युनिट-चाचणी हे पकडणार नाही. युरियाच्या रेणूचं वजन ६०, त्यातल्या नायट्रोजनचं २८, म्हणून बीयूएन २० म्हणजे युरिया साधारण ४३. कोड वेगळे: युरिया ३०९१-६, बीयूएन ३०९४-०. एका आलेखात आणायचे नाहीत, रूपांतर करूनही नाही.

डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची तपासणी): एफईयू आणि डीडीयू अशा दोन मोजण्या, पहिली दुसरीच्या साधारण दुप्पट. रिपोर्टवर ही तीन अक्षरं नसतील तर निकाल 'युनिट अपुरं' म्हणून थांबवतो आणि लॅबला फोन.

१८ जून

आकडा नसलेले निकाल. लघवीची एक तपासणी पुरेशी आहे: रंग फिकट पिवळा, साखर 'निल', प्रथिनं 'ट्रेस', पू-पेशी '२-३ प्रति एचपीएफ' (सूक्ष्मदर्शकाचं एक दृश्यक्षेत्र). एका रिपोर्टात चार जातीची उत्तरं.

आत येणारं मूल्य आधी जातीत बसवतो. साधा आकडा. चिन्हासह आकडा: टीएसएच '<०.०१', इथे चिन्ह वेगळ्या रकान्यात, आकडा ०.०१ म्हणून सरासरीत घालायचा नाही. पल्ला: '२-३'. श्रेणी: निल, ट्रेस, एक अधिक ते चार अधिक, कोड लावून आणि क्रम देऊन. टायटर (किती पातळ करूनही प्रतिक्रिया दिसते ते प्रमाण): टायफॉइडच्या विडाल तपासणीचं '१:१६०', फायरमध्ये रेशो. रेशोला भागाकार समजणाऱ्या कोडने १:१६० चं ०.००६ केलं आणि १:८० चं ०.०१२५, म्हणजे वाढलेलं टायटर आलेखात खाली. आलेखासाठी फक्त खालचा आकडा घ्यायचा.

'निल' आणि शून्य आणि रिकामं, हे तीन वेगळे. निल म्हणजे पाहिलं, सापडलं नाही. रिकामं म्हणजे काय झालं ते माहीत नाही. 'नमुना अपुरा', 'रक्त गोठलं' ही मूल्यं नाहीत, मूल्य नसण्याची कारणं आहेत. त्यांना स्वतंत्र रकाना. जुन्या तक्त्यात 'क्लॉटेड' हा शब्द हिमोग्लोबिनच्या निकालात पडलेला आहे आणि आकडा शोधणाऱ्या कोडने त्याचं शून्य केलेलं आहे. हिमोग्लोबिन शून्य.

लॅबकडून यादी एक्सेलमधून मागवली होती. '२-३' च्या जागी २ मार्च आला. '१:४०' च्या जागी रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं. फाइल जतन झाली की मूळ मजकूर परत मिळत नाही, रकाना पुन्हा 'टेक्स्ट' करूनही नाही. यापुढे लॅबची कुठलीही फाइल एक्सेलमध्ये नुसती बघायलासुद्धा उघडायची नाही.

२३ जून

वेळा. एका निकालाला किमान चार: नमुना घेतला, लॅबला पोचला, मशीनवर लागला, मॅडमनी सही केली. जुन्या तक्त्यातली तारीख यातली कुठली? टेक्निशियन म्हणाले, 'टाइप केली ती.' पाचवीच निघाली.

वैद्यकीय अर्थाची वेळ नमुना घेतल्याची. फायरमध्ये ती 'इफेक्टिव्ह' मध्ये, सहीची 'इश्यूड' मध्ये. पोचल्याची वेळ नमुन्याच्या नोंदीत. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर नुसतं कामकाजाचं मोजमाप नाही. साध्या ट्यूबमध्ये न विलगलेलं रक्त पडून राहिलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात, साधारण तासाला ५ ते ७ टक्के. उपकेंद्रावर सकाळी घेतलेला नमुना दुपारी पोचला तर शुगर खोटी चांगली दिसते. म्हणून राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब. तीही पहिल्या तासा-दोन तासांतली घट पूर्ण रोखत नाही.

ओपीडीत बऱ्याचदा फक्त तारीख मिळते. मग तारीखच ठेवायची. '००:००' जोडायचं नाही. जोडलं की त्याच दिवशीचे सकाळचे आणि संध्याकाळचे नमुने मध्यरात्री एकत्र येतात, शिवाय वेळक्षेत्र बदललं की तारीख आदल्या दिवशी सरकते. फायर 'इफेक्टिव्ह' ला नुसती तारीख चालवून घेतं; वेळ दिली तर मात्र +०५:३० हवंच. 'इश्यूड' ला पूर्ण वेळ सक्तीची.

मशीनचं घड्याळ वीज गेल्यावर मागे पडतं. नमुना घेण्याच्या आधी निकाल आलेला दिसला की नोंद थांबते.

२७ जून

नमुना. पोटॅशियम ६.४ आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'नमुना हिमोलाइज्ड'. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम सीरममध्ये येतं, पेशंटच्या रक्तात ते तेवढं असतंच असं नाही. आपण आकडा घेऊन तळटीप सोडली तर आयसीयूत उपचार सुरू होतील. ही टीप नमुन्याच्या 'अवस्था' रकान्यात, आणि पडद्यावर आकड्याला चिकटून. वर टिचकी मारल्यावर दिसेल अशी नाही.

ट्यूबचा रंगही नोंदवतो. जांभळ्या झाकणात ईडीटीएचं (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम क्षार असतं. त्यातलं रक्त लाल झाकणात ओतलं गेलं की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली, दोन्ही एकदम. हा जोड दिसला की 'नमुना पुन्हा' अशी सूचना. त्याच ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीन कमी मोजतं. तिथे मॅडम निळ्या झाकणातला, सायट्रेटचा नमुना मागवतात. निळ्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणावा लागतो. तो गुणाकार लॅबने केला की नाही हे रिपोर्टवर लिहिलेलं हवं. आपण करायचा नाही.

नाकारलेला नमुना पुसायचा नाही. निकाल 'रद्द', कारण लिहून. नव्या ट्यूबला नवा नमुना, नवा क्रमांक, त्याच मागणीला जोडलेला.

३ जुलै

संदर्भ पल्ला. पहिला विचार: तपासणीच्या मुख्य यादीत ठेवू, पडद्यावर दाखवताना लावू. मोडीत काढला. लॅबने किट बदललं की पल्ला बदलतो आणि मग दोन वर्षांपूर्वीचा, तेव्हा ठीक असलेला निकाल आज अचानक लाल दिसू लागतो. पल्ला निकालासोबतच गोठवायचा, ज्या दिवशी जो छापला तो.

एका निकालाला अनेक पल्ले असू शकतात. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी): ५.७ च्या खाली, ५.७ ते ६.४, ६.५ आणि वर, तिघांना आपापलं नाव. हिमोग्लोबिनला लिंग, वय, गरोदरपण. गरोदर बाईला साध्या बाईचा १२ चा पल्ला लागला तर अर्धा वॉर्ड लाल. लहान मुलांचं अल्कलाइन फॉस्फेटेज हाडं वाढत असल्यामुळे मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, तिथे वयाचा पल्ला नसेल तर प्रत्येक पोर यकृताचं रोगी.

'एच' (जास्त) आणि 'एल' (कमी) ही लॅबची खूण वेगळी साठवायची, आपण काढलेली वेगळी. दोन्हींत मतभेद झाला की लॅबची दाखवायची आणि मतभेद आमच्या यादीत. आतापर्यंतच्या मतभेदांमागे बहुतेक वेळा पेशंटचं चुकलेलं वय होतं.

१० जुलै

स्थिती आणि दुरुस्त्या. या भागावर घाई केली तर बाकी सगळं पाण्यात.

मशीनकडून येणारा, एचएल७ या मानकातला संदेश प्रत्येक निकालाला एक अक्षर लावतो: पी म्हणजे प्राथमिक, एफ म्हणजे अंतिम, सी म्हणजे दुरुस्त. जोडणीच्या सॉफ्टवेअरने हे अक्षर वाचलंच नव्हतं, नवा आकडा जुन्यावर लिहीत होतं. म्हणजे सकाळी डॉक्टरांनी प्लेटलेट ४२ हजार पाहून निर्णय घेतला, दुपारी स्मिअर पाहून १ लाख १० हजार झाल्या, आणि रात्री नोंद उघडली तर ४२ हजार कधी होत्याच नाहीत. सकाळचा निर्णय मग वेडेपणाचा वाटतो.

आता जुनी आवृत्ती जागेवर, नवी वर, दोघींना वेळ आणि नाव. ज्यांनी जुना आकडा उघडला होता त्यांना सूचना जाते. हे सगळ्यात उशिरा सुचलं आणि डॉक्टरांनी सगळ्यात आधी वापरलं.

चार प्रकार वेगळे ठेवले. चुकीचा आकडा सुधारला: 'करेक्टेड'. इतर बदल, उदाहरणार्थ टिप्पणी बदलली: 'अमेंडेड'. आधीचं तसंच, नवं जोडलं: 'अपेंडेड', हा फक्त रिपोर्टाला, एकेकट्या निकालाला नाही. आणि चौथा, निकाल दुसऱ्याच पेशंटचा: 'एंटर्ड इन एरर'. चौथ्यात दुरुस्ती करायची नाही. बारकोडची चिठ्ठी चुकीच्या ट्यूबवर लागली असेल तर आकडा बरोबर असतो, माणूस चुकीचा. चुकीच्या पेशंटकडची नोंद 'चुकून' म्हणून बंद, बरोबर पेशंटकडे नवी नोंद. नुसता पेशंट क्रमांक बदलला तर पहिल्या पेशंटने काय पाहून औषध घेतलं याचा माग राहत नाही.

जाळं तुटलं की मशीन तोच संदेश पुन्हा पाठवतं. संदेश क्रमांक आणि आकडा दोन्ही तेच असतील तर गुपचूप टाकून द्यायचा. क्रमांक तोच आणि आकडा वेगळा, हे माणसाने बघायचं.

१७ जुलै

काढलेले निकाल. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) बहुतेक वेळा मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, हे १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र. २१२, ३८, १९० घेतले तर २१२ वजा ३८ वजा ३८ म्हणजे १३६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की सूत्र चालत नाही. तिथे रिकामं ठेवून कारण लिहायचं. एका जुन्या नोंदीत एलडीएल उणे आहे.

काढलेल्याचा कोड १३४५७-७, थेट मोजलेल्याचा १८२६२-६. काढलेल्याला त्याच्या तिन्ही मूळ निकालांशी जोडतो. कारण १० जुलैचं: कोलेस्टेरॉल दुरुस्त झालं तर एलडीएलही शिळं झालं. जोडणी असल्यामुळे ते आपोआप 'पुन्हा काढा' यादीत जातं, आपण मात्र परस्पर बदलत नाही. आकडा लॅबच्या सहीचा आहे. ईजीएफआरचंही (मूत्रपिंडाच्या क्षमतेचा अंदाज) तसंच, शिवाय सूत्राचं नाव आणि साल निकालात हवं. २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र आणि त्याआधीचं यांचे आकडे जुळत नाहीत. सूत्र बदलल्याच्या दिवशी मूत्रपिंड बदललं असं दिसू नये.

२४ जुलै

बाहेरच्या लॅबचे पीडीएफ. रिपोर्टाला जोडून ठेवतो, लॅबचं नाव लिहून. आकडे हाताने उतरवायचे असतील तर उतरवणारा आणि तपासणारा वेगळे. वेळ नसेल तर नुसता पीडीएफ. अर्धवट उतरवलेला रिपोर्ट सगळ्यात वाईट, कारण 'बाकीचं नॉर्मल होतं' असं वाचलं जातं. आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांकाशी जोडून रिपोर्ट पाठवताना निकालांची नोंद आणि पीडीएफ दोन्ही सोबत जातात.

३१ जुलै

जुना तक्ता नव्यात आणणं. 'बीएसएल' एवढंच लिहिलेल्या सगळ्या नोंदी २३४५-७ ला, म्हणजे वेळेबद्दल काहीच न म्हणणाऱ्या कोडला. सकाळची वेळ आहे म्हणून उपाशीपोटी धरू, हा प्रस्ताव नाकारला. ती टाइप केल्याची वेळ आहे.

युनिट नसलेल्या प्लेटलेट. १,५०,००० असेल तर सरळ. १५० असेल तर हजारात. १.५ असेल तर लाखात. आकड्याच्या आकारावरून ओळखता येतं, असं वाटलं. मग '८' आला. आठ लाख प्लेटलेट असलेला माणूस असतो, आठ हजार असलेलाही असतो. पहिल्याला रक्त गोठण्याची चिंता, दुसऱ्याला रक्तस्रावाची. मध्ये अंदाज नाही. २० च्या खालचे, युनिट नसलेले आकडे रूपांतर न करता, मूळ मजकूर म्हणून ठेवले. याच पट्ट्यात बरेचसे साधे १.५, २.१ असेही अडकले, म्हणजे जवळपास उघड असलेलेही. त्यावर तक्रार आली. १.५ हजाराचा पेशंट विरळा, हे मान्य. पण जो विरळा, त्याच्यासाठीच ही नोंद उघडली जाणार. सीमा बदलली नाही.

७ ऑगस्ट

चाचणी संच धावला. प्रत्येक वरच्या नोंदीतून एक-दोन उदाहरणं: गोठलेलं रक्त, १:४०, टोपीचं युनिट, बीयूएन, उणे एलडीएल, पुन्हा आलेला संदेश, दुसऱ्याच पेशंटचा निकाल. दोन पडली. '<०.०१' च्या आलेखात ठिपका शून्यावर बसत होता, आता मर्यादेवर पोकळ ठिपका. आणि 'ट्रेस' हा 'एक अधिक' च्या वर लागत होता, क्रम भरतानाची चूक.

उरलेलं: कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं). हे ऑब्झर्वेशन-दर-आकडा या साच्यात बसत नाही. रक्ताच्या कल्चरला ६००-७, त्याखाली सापडलेला प्रत्येक जंतू, प्रत्येक जंतूखाली प्रत्येक अँटिबायोटिक, त्याला एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा (तीही बऱ्याचदा '<=०.२५') आणि एस, आय, आर (लागू पडतं, मधलं, लागू पडत नाही). दोन जंतू निघाले तर कुठलं औषध कुणाविरुद्ध, हे जोडणीतूनच कळलं पाहिजे, नावातून नाही. शिवाय '४८ तासांनंतर वाढ नाही' हा प्राथमिक निकाल आहे. पाचव्या दिवशी तोच अंतिम होतो किंवा उलटतो. मशीनच्या संदेशात जंतू आणि औषध यांना बांधणारा उपक्रमांक आहे, पण आमच्या लॅबचं सॉफ्टवेअर तो पुढे पाठवत नाही. तोवर कल्चर पीडीएफ म्हणूनच, स्थितीसह. लॅबला उपक्रमांकाची मागणी लेखी दिली.

युनिट नसलेली '८' पडद्यावर कशी दाखवायची हे मेडिसिनच्या मॅडमनी ठरवलं: आकडा जसाच्या तसा, शेजारी 'युनिट नोंदलेलं नाही', आलेखात ठिपका नाही.